एका किडनीचा विमा

बाबा,

मला सिंगापुरात नोकरी लागली आहे, आणि विमा कंपन्यांच्या मते मी आजारी आहे. काय झालंय म्हणून विचाराल, तर काही झालेलं नाही. रक्तदाब ठीक, साखर ठीक. वाघोलीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असते तेव्हा सात मजले चढून जाते आणि वर पोचल्यावर स्वतःच चहा टाकते. पण माझ्या शरीरात एक किडनी कमी आहे, आणि ती कुठे गेली हे तुम्हाला ठाऊक आहे. नऊ वर्षं ती तुमच्या पोटात होती आणि दहा वर्षांपूर्वी तुमच्याबरोबर वैकुंठ स्मशानात जळली. तुम्ही आयुष्यभर छापखान्यात लोकांची प्रुफं तपासलीत, तेव्हा तुम्हाला इथे मूत्रपिंड हा शब्द हवा असणार. मी किडनीच लिहिणार आहे.

नोकरी चांगली आहे. जहाजांवरच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहायची, आणि लिहिणाऱ्या चौघांवर देखरेख करायची. मी पहिल्यांदा असल्या नोकरीला लागले तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलं होतंत, 'आमची मुलगी लेखिका झाली, मिक्सर कसा चालू करावा यावर लिहिते.' आता पंप आहेत. तिथे परदेशातून आलेल्या माणसाला सरकारी सवलतीचे उपचार मिळत नाहीत, आणि ही कंपनी इतकी लहान आहे की तिच्या सामूहिक विम्यात जुन्या दुखण्यांना जागा नाही. म्हणून त्यांची अट अशी की माझा आरोग्यविमा मी स्वतः काढायचा आणि तो मंजूर झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय रुजू व्हायचं नाही. अट वाजवी आहे. माझं वय शेहेचाळीस, आईही गेली, दादा त्याच्या अमेरिकेत. अशी संधी पुन्हा येणार नाही हे मला कळतं, त्यामुळे मी मुकाट्यानं विम्याच्या मागे लागले.

पहिला एजंट रविवारी सकाळी घरी आला. बुटांना पॉलिश, तोंडात साखर. मी पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही, स्वतःची बाटली आणली होती. लॅपटॉप उघडून तो एकेक प्रश्न वाचत गेला आणि मी उत्तरं देत गेले. शस्त्रक्रिया झाली आहे का, या प्रश्नावर मी किडनीचं सांगितलं, तेव्हा त्याची बोटं थांबली.

'मॅडम, हे सांगायलाच हवं का?'

'विचारलंय ना त्यांनी?'

'विचारतात हो सगळंच. पण तुम्हाला त्रास काही नाही ना?'

'नाही.'

'मग झालं तर. लिहायचंच नाही.'

'माझ्या कुशीत वीतभर व्रण आहे.'

'तो काय, अपेंडिक्सचा म्हणून जातो.'

'पाठीच्या बाजूनं?'

'कोण बघतंय, मॅडम.'

'बिल नाकारायला जो येईल, तो बघेल.'

त्याला माझी कीव आली असावी. मग त्यानं दुसरा मार्ग सांगितला. काही विमे असे असतात की सुरुवातीला ते काहीच विचारत नाहीत. तुम्ही आजारी पडून बिल पाठवलंत की मागचं सगळं उकरून काढतात. मात्र दोन वर्षं त्या जुन्या दुखण्यासाठी डॉक्टर, तपासणी, गोळी यातलं काहीही लागलं नाही, तर पुढे ते दुखणं विम्यात धरतात. मी त्याला म्हटलं की मी दर वर्षी रक्त तपासून घेते, एकच किडनी असल्यामुळे ते करावं लागतं. तो म्हणाला, 'मग दोन वर्षं नका करू.' म्हणजे ज्या अवयवाला जोडीदार उरलेला नाही, त्याच्याकडे दोन वर्षं ढुंकून पाहायचं नाही, मग तो निरोगी ठरतो. हे तो अगदी मायेनं सांगत होता. मी त्याला चहा विचारला नाही.

तुम्ही असतात तर तो सोफ्यापर्यंतही पोचला नसता. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या दारात असाच एक जण आला होता, मी कॉलेजात होते तेव्हा. तुम्ही त्याला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलंत, त्याचं माहितीपत्रक हातात घेतलंत, खिशातलं पेन काढलंत आणि 'कौटुंबीक'मधला बी ऱ्हस्व करून परत दिलंत. 'विमा म्हणजे आजारी पडायची आगाऊ वर्गणी,' तुम्ही म्हणालात, 'आणि मला त्या मंडळाचा सभासद व्हायचं नाही.' तो बिचारा हसला. आतून आई म्हणाली, 'अहो, ऐकून तरी घ्या.' तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. तुम्ही कुणाचंच कधी ऐकून घेतलं नाहीत. दिवसभर बारीक टाइपात डोळे घालून डोकं चढायचं, आणि डोकं चढलं की दुखण्याची गोळी घ्यायची, चणे-फुटाणे खावेत तशी, सकाळी एक, दुपारी दोन, आणि डॉक्टरला विचारायचं नाही कारण डॉक्टर पावतीवर स्वतःच्या पदवीतही चुका करतो. अशी पंधरा-वीस वर्षं तुम्ही स्वतःच्या दोन्ही किडन्या स्वतः संपवल्यात. हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती. आता बोलते.

मग डायलिसिस. आठवड्यातून दोनदा रिक्षानं जायचं, चार तास यंत्राला जोडून पडायचं, आणि परत आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपायचं. डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी देणार असेल तर बघा. आईला मधुमेह, ती बाद. दादाचा रक्तगट जुळत होता. दादानं फोनवर सांगितलं की व्हिसाचं नूतनीकरण अडकलंय, वहिनीला सातवा महिना आहे, आणि नेटवर्क नीट नाही, नंतर बोलतो. मी त्याला दोष देत नाही असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगत आले. तुम्हाला सांगते, देते. नातेवाईक तर थोरच. आत्या म्हणाली, मुलगी असावी तर अशी. काका म्हणाले, मुलगी असावी तर अशी. आपापल्या रक्तगटाबद्दल मात्र त्यांच्यातला एकही जण बोलला नाही.

मी देते म्हटलं तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. पेपर खाली न घेता म्हणालात, 'तुझं लग्न व्हायचंय.'

'लग्नाला किडनी लागते का?'

'आपल्याकडे लागते.'

एवढंच. मग तुम्ही पान उलटलंत. धन्यवाद नाही, नको नाही, घेतो नाही. पुढे सगळ्या तपासण्या झाल्या, आणि इस्पितळात ते प्रतिज्ञापत्र आलं, मी कुणाच्याही दबावाशिवाय ही किडनी वडिलांना देत आहे असं. मला सही करायची होती. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत. आदल्याच दिवशी डायलिसिस झालेलं, ओठ कोरडे, आणि तुम्ही पेन मागितलंत. 'स्वइच्छेने' असं टाइप केलेलं होतं. 'स्वेच्छेने हवं,' तुम्ही म्हणालात. कारकून म्हणाला, 'आजोबा, चालतं हो.' तुम्ही म्हणालात, 'तुमच्याकडे चालत असेल.' तो कागद पुन्हा टाइप करून येईपर्यंत आम्ही सगळे त्या व्हरांड्यात बसून राहिलो. माझा राग मस्तकात गेला होता. मी पोट फाडून घ्यायला तयार झालेय आणि या माणसाला व्याकरणातला संधी जुळवायचा आहे. मी तसं बोललेही. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालात, 'चुकीच्या कागदावर मी तुझ्याकडून काही घेणार नाही.' तेव्हा मला तो तुमचा नेहमीचा खडूसपणा वाटला. अजूनही बराचसा तोच वाटतो.

आणि नंतर तुम्ही काय केलंत? लोणचं खाल्लंत. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं, आईनं सगळ्या बरण्या वरच्या फळीवर नेल्या होत्या. त्या दिवशी ऑफिसातून मी दुपारीच घरी आले. आई झोपलेली आहे. तुम्ही ओट्याशी उभे आहात, स्टुलावर चढून काढलेली बरणी पुढ्यात आहे, झाकण उघडं, आणि बोट तोंडात.

'बाबा, ती माझी किडनी आहे.'

तुम्ही बोट बाहेर काढलंत. दचकला नाहीत. 'कुणाची?'

'माझी.'

'दिलीस ना? दिली या क्रियापदाचा अर्थ बघ. दिली की घेणाऱ्याची झाली. माझी किडनी, माझं लोणचं.'

'मग मी दिलीच कशाला?'

'ते तुला ठाऊक,' असं म्हणून तुम्ही झाकण लावलंत, अगदी घट्ट, आणि बरणी माझ्या हातात देऊन म्हणालात, 'वर ठेव, माझा हात पुरत नाही.' मी ती ठेवली. त्यानंतर तुम्ही पुन्हा खाल्लंत की नाही, मला माहीत नाही. बरणी हळूहळू उतरत होती एवढं खरं.

तुम्ही म्हणाला होतात तसंच लग्नाचं झालं. कोथरूडहून एक मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील, आणि एक मावशी, जी फक्त प्रश्न विचारायला आणलेली होती. पोहे झाले, चहा झाला. मावशी म्हणाली, 'मुलगी आम्हाला पसंत आहे हो. फक्त ते ऑपरेशन. उद्या बाळंतपणात काही झालं तर?' मी सांगितलं की डॉक्टरांच्या मते काही होत नाही. मुलाची आई म्हणाली, 'डॉक्टर म्हणणारच. पण आपल्या मनाला लागतं ना, एक कमी म्हटलं की.' मुलगा ताटलीतले शेंगदाणे वेगळे काढत होता. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मग त्याच्याकडे वळून फार आदरानं विचारलंत, 'आपल्याला दोन आहेत ना?' तो हो म्हणाला. 'छान. आणि मेंदू?' ती मंडळी चपला घालून निघाली. आई रडली. तुम्ही उरलेले पोहे संपवलेत. तुमच्या सबंध आयुष्यात मला तुमचा अभिमान वाटला असे जे थोडे प्रसंग आहेत, त्यातला तो एक. लग्न त्यानंतर झालंच नाही, ते काही फक्त किडनीमुळे नाही, मलाही शेंगदाणे निवडणारे फार भेटले.

असो. विमा. एजंटाला घालवून मी स्वतःच तीन कंपन्यांकडे खरी माहिती पाठवली. पहिलीनं दोन ओळींत नकार दिला, वर मला उत्तम आरोग्य चिंतलं. दुसरीचं उत्तर आलंच नाही. तिसरी तयार झाली, पण मूत्रपिंड, मूत्रमार्ग, रक्तदाब, आणि यांच्याशी 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध असलेलं काहीही' त्यांनी वगळलं. अप्रत्यक्ष म्हणजे काय, असं मी विचारलं. उत्तर आलं की ते त्या त्या वेळी ठरेल. म्हणजे मी जिन्यावरून पडून पाय मोडला, तर रक्तदाबानं चक्कर आली असणार असं ते ठरवतील. त्यांनी माझे दात आणि कान तेवढे मनापासून स्वीकारले होते.

त्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याला कुठून तरी कळलं होतं.

'तू खरं कशाला सांगत बसलीस? इकडे सगळे थोडंफार ॲडजस्ट करतात.'

'मी नाही करत.'

'तुझं हे बाबांसारखं झालंय. बघ, मी तेव्हाच म्हटलं होतं, लाँग टर्म विचार कर म्हणून.'

'तू तेव्हा म्हणाला होतास, नेटवर्क नीट नाही, नंतर बोलतो.'

तो म्हणाला, 'ते होतंच नव्हतं नीट.' मी म्हटलं, आता छान येतंय. त्यावर त्यानं मुलीच्या कॉलेजचं काहीतरी सांगितलं आणि ठेवला. त्याच्या मुलीला आजोबांचं ऑपरेशन झालं होतं एवढंच माहीत आहे. किडनी कुणाची, हा तपशील त्या घरात वगळलेला आहे, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष दोन्ही.

मग मी तुमच्या डॉक्टरांकडे गेले. सदाशिव पेठेत ते अजून बसतात, पण आता संध्याकाळचेच, आणि पाटीवर लिहिलंय की कृपया आजाराबद्दलच बोलावे. त्यांनी माझे सगळे जुने-नवे रिपोर्ट पाहिले, चष्मा कपाळावर नेला. म्हणाले, 'तुम्हाला काय होतंय?' मी म्हटलं, विमा होत नाहीये. त्यांनी तिथेच पत्र लिहून दिलं, की वडिलांचा आजार वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला होता, आनुवंशिक नव्हता, आणि मुलीची किडनी उत्तम काम करते, रक्तदाब कधीही वाढलेला नाही. पत्र देताना म्हणाले, 'किडनी देणाऱ्याला आम्ही घेतो तेव्हा तो गावातला सगळ्यात निरोगी माणूस आहे ना, हे आधी बघतो. त्या विमावाल्यांना कळलं तर बरं.' फी घेतली नाही. तुमच्याबद्दल एकच वाक्य बोलले, तुम्ही त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या सुधारून परत पाठवायचात ते.

पत्र पाठवल्यावर कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला, मुलाखतीसाठी. कुठल्या देशातून बोलत होता कोण जाणे, आवाज मऊ, प्रत्येक उत्तरानंतर बटणांचा आवाज. तो इंग्रजीत बोलला, मी तुम्हाला मराठीत सांगते.

'किडनी कधी काढून घेतलीत?'

'दिली.'

'हो. म्हणजे काढली.'

'काढल्याशिवाय देता येत नाही.'

'वैद्यकीय गरज होती?'

'होती.'

'तुम्हाला?'

'वडिलांना.'

'म्हणजे तुमच्यासाठी ऐच्छिक,' तो म्हणाला, आणि बटणं वाजली. नाक सरळ करून घेतात, पोटावरची चरबी काढून घेतात, त्याच रकान्यात मी गेले. मला वाटलं फोन ठेवून द्यावा, नोकरी गेली खड्ड्यात, पंप आपले आपण चालतील. पण मी ठेवला नाही. मी बाकीची उत्तरं दिली, एकेक, सभ्यपणे. बऱ्याच दिवसांनी निर्णय आला. रक्तदाब त्यांनी विम्यात परत घेतला, 'अप्रत्यक्ष' हा शब्दही काढला. मूत्रपिंड आणि मूत्रमार्ग मात्र कायमचे वगळलेले. सिंगापूरच्या कंपनीनं तो कागद चालेल असं कळवलं. म्हणजे मला तिथे न्यूमोनिया झाला, हात मोडला, हृदय बंद पडलं, तर हरकत नाही. किडनीला काही झालं तर विमान पकडून पुण्याला यायचं आणि पाटी वाचून आजाराबद्दलच बोलायचं. मी सही केली. पुढच्या महिन्यात जाते आहे. फ्लॅटला भाडेकरू मिळालाय, आयटीतली दोन मुलं, त्यांनी लिफ्टचं विचारलं तेव्हा मी चालू असते म्हणून सांगितलं.

एक सांगायचं राहिलं. त्या फोनवर अगदी शेवटी त्या डॉक्टरनं विचारलं होतं, 'ज्यांना दिलीत ते वडील आहेत का?' इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. ज्यांना ठाऊक आहे ते विचारत नाहीत आणि बाकीच्यांना किडनीचंच ठाऊक नाही. मी म्हटलं, आहेत. 'बरे आहेत?' मी म्हटलं, बरे आहेत, फक्त ऐकत नाहीत कुणाचं. तो पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, वडील असेच असतात. मग बटणं वाजली.

खोटी माहिती आढळल्यास पॉलिसी रद्द, असं कंपनीनं दोन ठिकाणी छापलं आहे. म्हणजे एजंटाला मी हाकललं, दादाला बोलले, आणि शेवटी सरळ सरळ खोटं लिहून घेतलं गेलं ते माझ्याच तोंडचं. एक मेल पाठवली तर दुरुस्त होईल. आठवडा झाला, पाठवलेली नाही. हे पत्रही कुठे पाठवायची सोय नाही, ते एक बरंच आहे. कुठल्या तरी देशातल्या त्या संगणकात तुम्ही बरे आहात, बाबा, आणि ते मी बदलणार नाही.